उडाला, की उडू दिला?

मराठी व्याकरणात भावकर्तृक क्रियापदांचा एक छोटासा वर्ग आहे. उजाडते, सांजावते, गडगडते, मळमळते. या क्रियापदांना स्वतंत्र कर्ता नसतो, क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता मानायचा, असे आपण वर्गात सांगतो, दोन उदाहरणे फळ्यावर लिहितो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. व्याकरणाच्या पुस्तकांत हा वर्ग छोटा आहे खरा. पण रोजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो बराच मोठा असल्याचा संशय येऊ लागतो. पूल कोसळतो, भिंत खचते, चेंगराचेंगरी होते, आणि जत्रेतला किंवा शाळेच्या मैदानावरचा हवेचा किल्ला वाऱ्याने उडतो. या वाक्यांना व्याकरणापुरता कर्ता आहे. ज्याला जाब विचारता येईल असा कर्ता मात्र नाही. किल्ला कोणी आणला, कोणी फुगवला, किती दोरांनी बांधला, वारा वाढल्यावर मुलांना खाली का उतरवले नाही, यांपैकी कशाचाही पत्ता 'किल्ला उडाला' या दोन शब्दांत लागत नाही. उजाडावे तसा तो उडतो.

आमचा आक्षेप या दोन शब्दांना आहे. हवेचा किल्ला आपण होऊन उडत नाही. तो उडू दिला जातो. त्यात खेळणाऱ्या मुलांची सुरक्षितता चार-पाच साध्या, मोजता येण्याजोग्या कामांवर अवलंबून असते. ती कामे कोणाची हे ठरवता येते, आणि त्या माणसांना वाक्यातून वगळणारी भाषा पुढच्या अपघाताची सोय करून ठेवते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तर 'क्रूर नियती', 'काळाचा घाला', 'दुर्दैवी अंत' हा सारा शब्दसंग्रह आपल्याच कोठारातून बाहेर गेलेला आहे. दुसरे असे की, स्नेहसंमेलनांची आणि आनंदमेळ्यांची कामे ज्या समित्या पाहतात त्यांत मराठीचे शिक्षक हमखास असतात. सूत्रसंचालन आपल्याकडे, पाहुण्यांचा परिचय आपल्याकडे, आभारप्रदर्शनही आपल्याकडे. मग मैदानाच्या कोपऱ्यातल्या त्या फुग्याची चौकशी तेवढी दुसऱ्या कोणी करावी, ही अपेक्षा न्यायाची नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जत्रेत तिला सरसकट 'मिकी माऊस' म्हणतात, मग तिच्यावर वाघ रंगवलेला असो की जहाज. शहरी वाढदिवसांत ती 'जंपिंग' किंवा 'बाउन्सी कॅसल' असते. प्लास्टिकचा लेप दिलेल्या जाड कापडाचे तुकडे शिवून केलेली ती एक प्रचंड पिशवी असते. शिवणींतून हवा सतत गळत राहते, म्हणून विजेचा ब्लोअर खेळ चालू असेपर्यंत अखंड चालवावा लागतो. तो थांबला की भिंती आत कलंडू लागतात आणि मुले कापडाखाली सापडण्याचा धोका निर्माण होतो. घडी घातलेली ही वस्तू एका टेम्पोत मावते. फुगवली की बैठ्या घराएवढी होते. धोक्याचे मूळ इथेच आहे. आकार घराचा, पण घराचा पाया नाही आणि घराचे वजनही नाही. वाऱ्याच्या दृष्टीने ते निव्वळ एक शीड आहे. शिवाय वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणूनच मघापर्यंत स्थिर उभा असलेला किल्ला एका झोतात उचलला जाऊ शकतो, आणि 'इतका वेळ तर काही झाले नाही' या अनुभवाला इथे काडीची किंमत नसते.

या खेळण्याचा जन्म १९५८ च्या सुमाराचा. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात जॉन स्कर्लॉक नावाचा अभियंता टेनिसच्या मैदानांवर घालायची, हवेने फुगणारी आवरणे तयार करीत होता. आपल्या कामगारांना त्या आवरणांवर उड्या मारण्यात मोठी गंमत वाटते हे त्याने पाहिले, आणि त्यातून मुलांचे खेळणे निघाले. याच स्कर्लॉकच्या नावावर आणखी एक शोध आहे. आग लागलेल्या इमारतीतून उडी टाकणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी अग्निशामक दले जी हवेची गादी वापरतात ती त्याचीच कल्पना. तेच कापड, तीच हवा, आणि तोच उडी मारणारा मनुष्यदेह. पण त्या गादीभोवती शिकवून तयार केलेली माणसे उभी असतात. प्रत्येकाला आपले काम ठाऊक असते. किल्ल्याच्या दाराशी बहुधा एक पोरगा तिकिटे फाडत असतो. दोन वस्तूंमधले अंतर एवढेच आहे, आणि ते माणसांनी निर्माण केलेले आहे.

आता एका प्रत्यक्ष घटनेकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात डेव्हनपोर्ट नावाचे शहर आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी तेथील हिलक्रेस्ट प्राथमिक शाळेत वर्षअखेरीचा सोहळा होता. दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे उन्हाळा, आणि शाळेचे वर्षही तेव्हाच संपते. मैदानावर हवेचा किल्ला उभारला होता. सकाळी दहाच्या सुमारास वाऱ्याचा झोत आला आणि किल्ला मुलांसह वर उचलला गेला. मुले सुमारे १० मीटर उंचीवरून खाली आली. अकरा-बारा वर्षांची सहा मुले गेली, तीन गंभीर जखमी झाली. किल्ला भाड्याने पुरवणाऱ्या व्यावसायिकावर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली खटला चालला. किल्ल्याला आठ ठिकाणी बांधण्याची सोय असताना चारच खुंट्या ठोकल्या होत्या, हा फिर्यादी पक्षाचा प्रमुख मुद्दा होता. ६ जून २०२५ रोजी न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला निर्दोष ठरवले. आरोपीला अधिक काही करता आले असते, असे निकालात म्हटले आहे. परंतु तो झोत म्हणजे एक वावटळ होती, ती आधी कळण्याजोगी नव्हती, आणि अधिक खबरदारी घेतली असती तरी परिणाम टळला नसता, असा त्याचा निष्कर्ष आहे.

त्या निकालाशी आम्हाला वाद घालायचा नाही. एका व्यक्तीचा गुन्हा पुराव्याने सिद्ध झाला की नाही, एवढेच फौजदारी न्यायालयाने पाहायचे असते, आणि ते काम त्याने केले. पण न्यायालयाने एका व्यक्तीला निर्दोष ठरवणे वेगळे आणि समाजाने त्यातून 'चुकले कोणाचेच नाही' असा धडा घेणे वेगळे. दुसरी घटना इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील हार्लो गावची आहे. २६ मार्च २०१६, ईस्टरची जत्रा. वादळी वाऱ्याचा अंदाज असतानाही किल्ला चालू ठेवला गेला. तो बंधांतून सुटला आणि सात वर्षांच्या एका मुलीला आत घेऊन सुमारे ३०० मीटर गडगडत गेला. ती वाचली नाही. २०१८ मध्ये त्या जत्रेतील दोघांना घोर निष्काळजीपणाने घडवलेल्या मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली. किल्ला पुरेसा बांधला नव्हता आणि हवामानावर लक्ष ठेवले नव्हते, हे त्यांच्याविरुद्ध सिद्ध झाले. वारा दोन्हीकडे होता. एकीकडे तो अपेक्षित मानला गेला, दुसरीकडे अनपेक्षित. साऱ्या प्रश्नाची गाठ या एका विशेषणात आहे.

आणि इथेच आपल्या भाषेला साक्षीला बोलावता येते. टास्मानियात ज्या वाऱ्याला अनपेक्षित मानले गेले त्याला मराठीत साधे, रोजच्या वापरातले नाव आहे. 'वावटळ' हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेला आहे, आणि रानात काम करणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. ऊन तापते, जमीन भाजून निघते, आभाळ निरभ्र असते. जमिनीलगतची तापलेली हवा वेगाने वर चढते, चढता चढता फिरू लागते आणि धूळ-पाचोळा घेऊन माळावरून सरकत जाते. तिचा ढगांशी संबंध नाही, म्हणून पावसाच्या अंदाजात ती सापडत नाही. तिचा हंगाम मात्र सापडतो. आपल्याकडे तो चैत्र-वैशाखाचा, वेळ भर दुपारची, जागा उघड्या माळाची. आता गावोगावच्या यात्रा कधी आणि कुठे भरतात ते आठवून पाहावे. ज्योतिबाची यात्रा चैत्री पौर्णिमेची. सुगी आटोपल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक ग्रामदैवतांच्या यात्रा याच दोन महिन्यांत येतात, आणि पाळणे, खेळणी, 'मिकी माऊस' यांना जागा मिळते ती गावाबाहेरच्या माळावर नाहीतर नदीच्या कोरड्या पात्रात. पाठोपाठ वळीव येतो, आणि वळवाच्या आधी सोसाट्याचा वारा. ज्या गोष्टीला भाषेने नाव दिले आहे, जिचा महिना आणि प्रहर गावाला ठाऊक आहे, जिच्यात शिरू नकोस म्हणून आजीने नातवंडांना बजावलेले आहे, ती आम्हाला अनपेक्षित होती, असे मराठी माणसाने कोणत्या तोंडाने सांगावे? टास्मानियातला बचाव टास्मानियापुरता ठीक असेल. तो उसना आणून माणदेशात वापरता येणार नाही.

मराठीत 'उडणे', 'उडवणे' आणि 'उडू देणे' अशी तीन वेगळी रूपे आहेत. पहिल्यात माणूस नाही. दुसऱ्यात माणूस आहे आणि त्याचा हेतूही आहे; खेळ मांडणाऱ्याने मुद्दाम मुले उडवली असे कोणीच म्हणत नाही. राहिले तिसरे. या रूपात कर्त्याने वाईट काहीच केलेले नसते; करायला हवे होते ते केलेले नसते, आणि म्हणून जे घडायला नको ते घडू दिलेले असते. निष्काळजीपणाची याहून नेमकी व्याख्या कायद्यालाही देता येणार नाही. निष्काळजीपणाने घडवलेल्या मृत्यूसाठी भारतीय दंड संहितेत कलम ३०४अ होते आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. कायदा तिसऱ्या रूपापर्यंत पोचला, आपल्या बातम्या आणि श्रद्धांजल्या पहिल्यावरच अडकून आहेत.

'उडू न देण्यासाठी' काय करावे लागते? हे गूढ नाही. फुगवलेल्या खेळसाधनांसाठी युरोपात ईएन १४९६० नावाचे मानक आहे आणि ब्रिटनमध्येही तेच चालते. त्यानुसार किल्ला किमान सहा ठिकाणी बांधलेला हवा, आणि उत्पादकाने अधिक जागा दिल्या असतील तर त्या सर्व ठिकाणी. प्रत्येक बंधाने १,६०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे १६३ किलो वजनाएवढा ताण सोसला पाहिजे. खुंटी लोखंडाची, निदान ३८ सेंटीमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड, दोराच्या ओढीच्या उलट बाजूला कलती ठोकलेली हवी; सरळ ठोकलेली खुंटी झटक्याने उपसून येते. वाऱ्याचा वेग ताशी ३८ किलोमीटरवर गेला की मुले उतरवायची आणि किल्ल्यातली हवा काढून टाकायची. हा वेग म्हणजे ब्यूफोर्ट मापनातील पाचव्या श्रेणीची वरची कड. ती श्रेणी ओळखण्याची खूण अशी की, पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात. म्हणजे वेग मोजायचे यंत्र नसले तरी डोळे पुरतात. आणि हातात धरायचे यंत्र घ्यायचे म्हटले तर एखाद्या समारंभातल्या शाल-श्रीफळांच्या खर्चात ते येते. वावटळीला मात्र ही वेगमर्यादा पुरत नाही, कारण ती मोजायला वेळच देत नाही. तिच्यासाठी नियम वेगळा आणि अधिक सोपा असला पाहिजे : तापलेल्या, उघड्या माळावर भर दुपारी किल्ला फुगवायचाच नाही.

डांबरी रस्ता, फरसबंद अंगण, सिमेंटचे मैदान यांवर खुंटी ठोकता येत नाही. तिथे प्रत्येक बंधाला तेवढ्याच ताकदीचे वजन लावावे लागते, म्हणजे दर बंधाला १६३ किलो. सहा बंध धरले तर हा आकडा जवळजवळ एक टन होतो. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आवारात, लग्नाच्या लॉनवर, शाळेच्या फरसबंद पटांगणात किल्ल्याच्या कोपऱ्यांना काय बांधलेले असते ते वाचकांनी स्वतःच जाऊन पाहावे. वाळूची दोन अर्धवट पोती, एखादी दुचाकी, जवळचा विजेचा खांब. हे बांधणे म्हणजे बांधल्याचे नाटक आहे.

वाऱ्याचे बळी बातमीत येतात. रोजच्या जखमा येत नाहीत. 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९० ते २०१० या काळात अमेरिकेत या खेळण्यांमुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात उपचार घेतलेल्या मुलांची संख्या सुमारे ६४,६५७ होती. १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत प्रमाण पंधरापट वाढले, आणि २०१० मध्ये दर ४६ मिनिटांना एक मूल असा हिशेब पडला. जखमांत एक चतुर्थांशाहून अधिक अस्थिभंग. कारणे साधी आहेत : पडणे, एकमेकांवर आदळणे, कोलांट्या मारणे, थोराड मुलांबरोबर लहान्यांना आत सोडणे. बारा वर्षांचा मुलगा उडी मारून खाली येतो तेव्हा शेजारचे चार वर्षांचे पोर आपोआप उसळते, आणि कुठे पडावे हे त्याच्या हातात नसते. उपायही साधेच आहेत : वयानुसार वेगळ्या पाळ्या, आत एका वेळी किती मुले याची मर्यादा, चपला-बूट-चष्मे बाहेर, कोलांट्यांना मनाई, आणि दाराशी एक प्रौढ माणूस, ज्याचे लक्ष मोबाइलवर नसून आतल्या मुलांवर आहे. वीज गेली तर मुलांना क्रमाने बाहेर कसे काढायचे हे त्या माणसाला आधी सांगितलेले असले पाहिजे. वाऱ्याचा हिशेब निराळा. जॉर्जिया विद्यापीठातील हवामान-अभ्यासकांनी २००० ते २०२१ या काळातील घटना जगभरातून गोळा केल्या, तेव्हा वाऱ्यामुळे झालेल्या अपघातांत किमान ४७९ जखमी आणि २८ मृत्यू भरले.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आवाज नियतीवाद्यांचा. 'देवाची करणी आणि नारळात पाणी' या म्हणीत मुळात आश्चर्य आहे, कौतुक आहे. आपण तिचे कुलूप केले आहे. ज्या दाराआड चौकशी उभी असेल त्याला ते लावायचे. नियती ही साहित्यातली भारदस्त संकल्पना आहे यात शंका नाही. परंतु शोकात्म नाट्यातला नायक आपल्या कृतीने नियतीला सामोरा जातो. म्हणूनच तिथे प्रेक्षकाला भय आणि करुणा वाटते. किल्ला पुरेसा न बांधणाऱ्या माणसांच्या हाती सापडलेल्या सात वर्षांच्या मुलीने कोणती कृती केली? तिच्या मृत्यूला नियती म्हणणे हा त्या मुलीचा तर अपमान आहेच, नियती या संकल्पनेचाही आहे.

दुसरा आवाज आपल्या वर्तुळात अधिक लाडका आहे. 'आम्ही विहिरीत उड्या मारल्या, झाडांवरून पडलो, गुडघे फोडून घेतले. आजच्या पालकांनी मुलांना कापसात गुंडाळून ठेवले आहे.' या म्हणण्यातला अर्धा भाग आम्हाला मान्य आहे. मुलांना धाडस हवे, खरचटणेही हवे. पण साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग आठवावा. पाण्याला भिऊन लपणाऱ्या श्यामला त्याची आई मारून विहिरीकडे धाडते. धाडसाचा याहून कठोर पाठ मराठी साहित्यात क्वचितच सापडेल. पण त्या विहिरीवर पट्टीचे पोहणारे असतात आणि नवशिक्याच्या कमरेला तरंगण्यासाठी सुकड बांधलेली असते. आईची कठोरता त्या तरतुदीच्या भरवशावर उभी आहे. शिवाय झाडावर चढणारे मूल फांदी चाचपून पाहू शकते, धोक्याचा अंदाज घेते, माघार घेऊ शकते. धाडस म्हणजे तेच. किल्ल्याबाहेर जमिनीत किती खुंट्या आहेत हे आत उड्या मारणाऱ्या मुलाला दिसतही नाही. जो धोका मुलाला कळू शकत नाही आणि त्याने पत्करलेला नाही, त्याला धाडसाचे नाव देणे ही लबाडी आहे.

तिसरा आवाज म्हणतो की आनंदाच्या क्षणी खुंट्यांचा हिशेब रसभंग करतो. याचे उत्तर एका कलाकृतीच्या कहाणीत आहे. मॉरिस एगिस या कलावंताने 'ड्रीमस्पेस' नावाचे हवेने फुगवलेले, रंगीत प्रकाशाने भरलेले भव्य शिल्प घडवले होते. लोक आत शिरून रंग आणि संगीत अनुभवत फिरत. २३ जुलै २००६ रोजी इंग्लंडच्या चेस्टर-ल-स्ट्रीट येथे ते लोकांसह वाऱ्याने उचलले गेले आणि दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. मनुष्यवधाच्या आरोपावर ज्यूरीचे एकमत झाले नाही. सुरक्षिततेच्या कायद्याचा भंग मात्र सिद्ध झाला आणि एगिसला १०,००० पौंडांचा दंड झाला, जो पुढे अपिलात कमी केला गेला. स्वप्नाचा अवकाश असे नाव दिले म्हणून वाऱ्याने त्या कापडाला सवलत दिली नाही. रसभंगाची भीती असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की खुंट्या बाहेर ठोकतात. आत उड्या मारणाऱ्याला त्यांचा अडथळा होत नाही.

चौथा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला तुच्छतेने उत्तर देता येणार नाही. जत्रेत किल्ला लावणारा माणूस बहुधा हातावर पोट असलेला असतो. त्याने जुना किल्ला विकत घेतलेला असतो, सूचनापत्रक त्याला मिळालेले नसते, मिळाले तरी ते त्याला वाचता येईल अशा भाषेत नसते. सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होणे हा अन्यायच ठरेल. पण म्हणून कर्ता नाहीसा होत नाही. तो वाटला जातो. विकणाऱ्याने मराठीत सूचना द्याव्यात. जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीने किंवा पालिकेने खुंट्या मोजल्याशिवाय परवानगी देऊ नये. यात्रा समितीने आणि शाळेने भाडे ठरवताना बंधांची, वजनांची आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाची किंमत त्यात धरावी. दोनशे रुपये कमी करून घेतल्याची फुशारकी मारू नये. घासाघीस करून स्वस्तात आणलेल्या किल्ल्याच्या खुंट्या कुठे कमी झाल्या हे विचारण्याची जबाबदारी घासाघीस करणाऱ्याचीही आहे.

किल्ल्यांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. बंदीची मागणी ही नियतीवादाचीच धाकटी बहीण आहे; तिलाही तपशिलात जायचा कंटाळा असतो. महाराष्ट्राने हा वाद एकदा घातलेलाही आहे. दहीहंडीच्या थरांवर चढणाऱ्या मुलांचा प्रश्न २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१७ मध्ये थरांच्या उंचीची मर्यादा उठली तरी चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवायचे नाही ही रेघ कायम राहिली. तिथेही परंपरा, उत्साह, धाडस हेच शब्द होते. सण बुडाला नाही. मुलांसाठी एक रेघ ओढता येते आणि ती ओढल्यावरही उत्सव चालतो, एवढे त्यावरून दिसते. हवेच्या किल्ल्यामागे तर परंपरेचे ओझेही नाही. तिथे रेघ ओढणे अधिक सोपे असायला हवे.

शेवटी पुन्हा आपल्या व्यवसायाकडे. आपण विद्यार्थ्यांना बातमीलेखन शिकवतो, वृत्तान्तलेखन शिकवतो, वाक्यरूपांतराचे प्रश्न घालतो. 'वाऱ्याने किल्ला उडाला' या वाक्यात दडलेला कर्ता शोधा आणि वाक्य पुन्हा लिहा, असा प्रश्न एकदा घालून पाहावा. उत्तरे येतील : समितीने खुंट्या मोजल्या नाहीत, चालकाने वारा वाढल्यावर खेळ थांबवला नाही, पालिकेने पाहणी न करता परवानगी दिली, मुख्याध्यापकांनी दाराशी कोणाला उभे केले नाही. ही वाक्ये कानाला रुक्ष लागतील. त्यांत करुणरस नाही. पण यांतल्या प्रत्येक वाक्यातला नकार काढून टाकला की एक मूल संध्याकाळी घरी पोचते.

येत्या संमेलनाच्या पहिल्या बैठकीत निमंत्रणपत्रिकेचा मजकूर ठरवण्याआधी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. किल्ला येणार आहे का, कोणत्या जमिनीवर, किती बंधांनी, कोणत्या वेळी, आणि दाराशी कोण उभे राहणार, ही पाच उत्तरे नावानिशी इतिवृत्तात लिहावीत. नावानिशी म्हणजे कर्त्यासह. ज्या दिवशी ती लिहिता येणार नाहीत, त्या दिवशी किल्ला टेम्पोतून खाली उतरवू नये.